तीनदा वाचलेलं लेबल

फार्मसी कॉलेजचा शिपाई पेपर उघडून बसला होता, पण कान शेजारच्या बाकावरच्या मायलेकींकडे होते.

“बारावीला पंच्याण्णव टक्के, आणि प्रवेश परीक्षेत एवढी घसरगुंडी?”

“शंभरातले साठच प्रश्न झाले, आई. वेळ संपला.”

“त्यातले चुकले किती?”

“एकही नाही. प्रत्येक उत्तर तीनदा तपासलं.”

“तीनदा कशाला, बाई?”

“औषधाच्या दुकानात तू लेबल तीनदा वाचतेस ना? मग मलाही तीच खोड. अर्जात तसंच लिहिलंय.”

“अगं, माझं कशाला सांगत बसलीस त्यांना!”

आतून प्राचार्यबाईंचा आवाज आला, “ती लेबलवाली मुलगी आली असेल तर आधी तिलाच पाठवा.”

शिपायानं पेपर मिटला. “जा पोरी.”

“थांब! मार्कशीट घेतलीस?”

“तीनदा बघितली, आई.”