अमेरिकेच्या सेनेटपायी सोडलेला चहा

...नाही हो, चूक माझीच! संकल्प सोडताना शब्द नीट घालायला हवे होते. श्रावणातला पहिला सोमवार, हॅरोच्या आमच्या किचनमधले देव, तळहातावर पाणी, आणि मी काय म्हणाले? "महादेवा, वरदाचं ते बिल अमेरिकेत पास होईपर्यंत मी चहाला शिवणार नाही." मला वाटलं, हात वर केले, मोजले, झालं... फार तर दोन आठवडे! इंग्लंडात राहून चहा सोडलाय मी, तुम्हाला सांगते, तेव्हापासून डोकं जे धरलंय ते मार्गशीर्ष आला तरी उतरत नाही!

बिल कसलं? सांगते ना. माझी लेक वरदा मेरीलँडला रिसर्च करते, तिथे व्हिसाच्या रांगेत अशी अडकलीय की देशाबाहेर पाऊल टाकलं की नंबर गेला. आणि इकडे माझे सासरे, दीनानाथ आजोबा, ब्याण्णव वर्षांचे, डॉक्टरांनी विमान बंद केलंय, आणि वरदाची लेक, त्यांची पणती मालविका, दीड वर्षाची झाली तरी मांडीवर घेतलेली नाही. रोज सकाळी विचारतात, "आसावरी, झालं का गं पास?" आणि त्यांच्या हातात काय? मीच केलेला आल्याचा चहा! मी आपली वास घेत उभी... तर बिलात एवढंच, की रांगेतल्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना भेटून यावं, नंबर तसाच राहील. यात नाही म्हणण्यासारखं काही आहे का? तुम्हीच सांगा!

तर आधी ते कमिटीत बसलं. नुसतं बसलं! वरदा म्हणते, "आई, मोस्टली बिलं तिथेच मरतात." अगं, शुभ बोल! शेवटी एकदाचं बाहेर आलं, हाउसमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, चारशे पस्तीस माणसं, मतं पडली, बहुमत! मी आधण ठेवलं, आलं ठेचलं, चहा गाळला, कप ओठाशी... आणि व्हिडिओ कॉल. "आई, कप खाली ठेव. तो बिल फक्त हाउसमध्ये पास झाला. सेनेट राहिलाय." तिचं मराठी हॅरोचं आहे, पण कळायचं ते कळलं. म्हणजे अजून एक सभागृह? अजून एक!

सेनेटात शंभर जण. तिथे म्हणे कुणी नुसतं बोलतच उभं राहिलं तरी काम अडतं, आणि त्याला गप्प करायला साठ मतं लागतात. साठ! आपल्या भजनी मंडळात मला गप्प करायला मधुमतीताईंचा एक डोळा पुरतो. तर साठ मिळाली, पास झालं, कप उचलला... "आई, कप खाली ठेव. त्यांनी एक ओळ बदलली." आणि दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखंच हवं! म्हणजे दोन जावांनी दोन चुलींवर आमटी करायची आणि चव हुबेहूब एक लागेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही! आमचे हे, शशिधर, पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "अगं, मुद्दामच केलंय तसं. एकाच्याच हाती सगळं नको." अहो, पण इथे बघा, पंतप्रधान पार्लमेंटातच बसतात, रांधणारे नि वाढणारे एका स्वयंपाकघरात. तिकडे रांधायचं काँग्रेसनं, म्हणजे या दोन सभागृहांनी, वाढायचं राष्ट्राध्यक्षांनी, आणि त्यांचं बिऱ्हाडच वेगळं!

पण जमली हो आमटी! दोन्हीकडे एकच चव. मी नैवेद्य दाखवला, कप उचलला... "आई, कप..." "ठेवला गं बाई, ठेवला!" राष्ट्राध्यक्षांची सही बाकी. मुदत दहा दिवस, रविवार सोडून. रविवार सोडून! आणि दहाव्या दिवशी वाढणाऱ्यानं अख्खं पातेलंच परत पाठवलं. व्हीटो!

आजोबांना मीच सांगितलं. चिडले नाहीत हो. हातातला चहा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग मालविकाचा फोटो जरा मोठा करून आण. मला लांबचं दिसत नाही." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही...

पण रस्ता आहे! दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तर सहीवाचून कायदा होतो. मंगळवारी हाउस, बुधवारी सेनेट. नाही झालं तर जानेवारीत त्यांची मुदतच संपते, मग पुन्हा कमिटीपासून! (कायदा झाल्यावर खातं नियम करतं, मग फॉर्म काढतं, असंही वरदा म्हणाली, पण ते मी महादेवाला अजून कळवलेलं नाही.)

म्हणून म्हणते बायांनो, साध्या बहुमताला माझा एकटीचा चहा पुरला, पण दोन तृतीयांशाला एकटीचं व्रत कसं पुरेल? आज भजनाला आपण अठरा जणी. बारा हव्यात. बुधवारपर्यंतच! बिस्किटं खा खुशाल. करा बघू हात वर... मधुमतीताई, देव तुमचं भलं करो... स्वाती... मागच्या दोघी... नऊ... दहा... माझा धरून अकरा.

अकराच?

सुप्रभाताई, मला कळतं हो, हाउन्सलोहून दोन बस बदलून आलात, बाहेर थंडी आहे, आणि आलंही आज छान उतरलंय, वास येतोय मला इथपर्यंत... पण तेवढा कप खाली ठेवा ना.