नागोराव सरांचा दिसणारा सांधा

सन्माननीय अध्यक्ष इंदुताई, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे घनश्यामभाऊ, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे सुतारकामाचे नागोराव सर, संस्थेतील शिक्षकवृंद, आणि खेड्यापाड्यांतून एसटीनं उभ्यानं प्रवास करून दिग्रसला आलेल्या माझ्या बायांनो, सर्वांना कांताबाईचा नमस्कार.

घनश्यामभाऊ, आपण मघापासून मागच्या दोन पायांवर रेलून बसला आहात. बसा निश्चिंत, खुर्ची आमच्या हातची आहे. आपल्याकडे खुर्चीत सरळ बसतं कोण? सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "खुर्ची चार पायाची बनवा, पन माणूस दोनच पायावर बसन हे ध्यानात ठेवा. आपल्या इकडचा माणूस रेलल्याशिवाय बोलतच नाही."

ते साल दोन हजार पाच. कापूस गुडघ्याएवढाही वाढला नाही. वेचायला काही उरलं नाही, तेव्हा आम्हा बारा वेचणाऱ्या जणींना सरांनी वर्गात आणून बसवलं. पटाशीनं चौकोनी भोक कोरायला हात बसेपर्यंत वर्ष जातं. एवढा वेळ होता कोणाजवळ? म्हणून सरांनी सोपा सांधा काढला. गिरमिटानं गोल भोक पाडायचं, आडव्या दांडीचं टोक गोल करायचं आणि ठोकायचं. खिळा नाही, सरस नाही. पाय थोडा ओलसर, दांडी मात्र कडकडीत वाळलेली. पाय वाळत गेला की भोक आवळतं आणि दांडीला सोडत नाही. बाहेरून काही दिसत नाही. सर सुताराच्या घरचे. सांधा दिसणं म्हणजे त्यांच्या घरात लाज.

दांड्या गरम रेतीत तीन दिवस वाळवायच्या, खाली कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, जाळायच्या. ते काम माझ्याकडे होतं.

नेरच्या एका वाचनालयाला चाळीस खुर्च्या गेल्या. उद्घाटनाला पाहुणे रेलले, दांडी निघाली, आणि पाहुणे हारासकट खाली. आज हसू येतं. त्या दिवशी आम्ही भिंतीला लागून उभ्या होतो. वर्ग बंद झाला तर परत कोणत्या वावरात जायचं, एवढंच प्रत्येकीच्या मनात होतं.

संस्थेच्या बैठकीत सर उभे राहिले. म्हणाले, "बायांनी मी सांगतलं तसंच केलं. माह्या सांध्यातच खोट हाये." वर्ग वाचला. सरांचं नाव मात्र वर्षभर चहाच्या टपरीवर चघळलं गेलं.

मग त्यांनी सांधा बदलला. दांडी पायातून आरपार काढायची, टोकाला चीर द्यायची आणि चिरेत पाचर ठोकायची. दांडी अर्धवट वाळली तरी निघत नाही. पण आता सांधा दिसू लागला. इथल्या सुतारांनी टोमणा मारला, "काहून हो नागोराव, बापानं हेच शिकवलं काय?" सर म्हणाले, "दिसू द्या. माणूस चुकनच, सांध्यानं सांभाळून घ्याव." त्या सांध्यावर आमच्या बारा घरांच्या चुली पेटल्या आहेत.

आता लिहून आणलेल्या भाषणात नाही ते सांगते. त्या चाळीस खुर्च्यांच्या दांड्या मी एकच दिवस वाळवल्या. उरलेल्या पऱ्हाट्या डोक्यावर घेऊन घरी गेले. त्या वर्षी आमच्या गावात चुलीपुरतीही पऱ्हाटी निघाली नव्हती, आणि पोरं उपाशी होती. दहा वर्षं मी हे कोणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. फार जड गेलं.

सर, तुम्ही मला कधी काही विचारलं नाही. पण वर्ग पुन्हा सुरू झाला त्या सकाळी तुम्ही भावाच्या वावरातून बैलबंडीभर पऱ्हाटी आणली आणि दोन ढीग घातले. सगळ्यांना सांगितलं, "हा वाळवायले. हा घरी न्यायले." माझ्याकडे पाहिलंही नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल अध्यक्षांचे, संस्थेचे आणि मंडपवाल्यांचे आभार. भाषण संपवताना चूकभूल माफ करा म्हणायची रीत आहे. मी रीत म्हणून म्हणत नाही. सर, तुमचा पहिला सांधाही बरोबर होता. चूक माझी होती, मला माफ करा.