पाहुण्यांचा कमोड

(काल्हेर. केसरीनाथांच्या चारमजली बंगल्याचा तळमजला. कुलूप लावलेल्या संडासाच्या दारासमोर वॉकर धरून पुतणी मृणाली.)

केसरीनाथ : न्हाय म्हंजे न्हाय. तो कमोड पाव्हन्यांचा हाय.

मृणाली : कुठले पाहुणे, काका? चार वर्षांत त्यावर कोण बसलंय?

केसरीनाथ : आमदार येनार व्हते.

मृणाली : ते गाडीतूनच हात करून गेले. काका, गुडघ्याजवळचं माझं वीतभर हाड गाठीसकट कापलंय. आत धातूचा सांधा बसवलाय. उकिडवं बसायचं नाही. आज नाही, दहा वर्षांनीही नाही. आणि वरच्या मजल्यावर आमच्याकडे बैठा संडास.

केसरीनाथ : भोकाची खुर्ची येते की बाजारात.

मृणाली : आणली. ती ठेवली की दार लागत नाही. बाबांसमोर बसू?

केसरीनाथ : या भिंतीपल्याड देवघर हाय. देवाला कसं चालंल?

मृणाली : आमदार बसले असते तर चाललं असतं?

केसरीनाथ : लय तोंड चालतंय तुजं. पाय तेवढा चालत न्हाय!

मृणाली : तोही चालेल. डॉक्टर म्हणाले, तीन महिने.

केसरीनाथ : मंग तीन महिने अंबाडीला मामाकडं र्‍हा. ऐतवारी सार्थकच्या सोयरिकीला वळ गावची मानसं येतात. इचारतील, ही कोन, हिला काय झालंय? घरात असला रोग म्हटल्यावर माज्या पोराला पोरगी देईल कोन?

मृणाली : म्हणजे आमदार नाही, देवही नाही. मला लपवायचंय.

केसरीनाथ : लपवायचं कोन म्हनतो? जरा बाजूला ठेवायचं.

मृणाली : रोग कापून काढलाय. आणि तो कुणाला लागत नाही.

केसरीनाथ : घरात सगले डाक्टरच! चावी हरवलीय. जा वर.

सीताबाई : (देवघरातून येत, नवऱ्याला) हरवली न्हाय. ही घे गो पोरी.

केसरीनाथ : तुज्याकडं कशी?

सीताबाई : दोन वरसं झाली. तुमी दुपारचं घोरायला लागलात की जाते मी. बायकोचं गुडघं काय तुमाला इचारून दुखतात?

केसरीनाथ : देवाच्या भिंतीला! आनि मला सांगितलं न्हाय?

सीताबाई : सांगितलं व्हतं. तुमी म्हनलात, आदी पाव्हने बसूंदे.

मृणाली : काकी, पण रविवारी ती माणसं...

सीताबाई : येऊंदे. त्यांच्यातबी कोनी तरी म्हातारी असंलच. चल. उंबरा हाय, चांगला पाय आदी टाक. आत डाव्या अंगाला धरायला दांडी हाय. मीच बसवून घेतलीय.