निष्कर्षाची जागा

डॉक्टर : गेला म्हणजे? कुठे गेला?

टायपिस्ट : घरी, मॅडम. माझी मावशी सकाळीच येऊन रिपोर्ट घेऊन गेली. चांगला आलाय ना, म्हटलं कशाला जीव टांगणीला ठेवायचा म्हातारीचा!

डॉक्टर : चांगला आलाय असं कुणी सांगितलं तुला? तिच्या गाठीची काचपट्टी ही बघ, माझ्या हातात आहे. मी अजून मायक्रोस्कोपखाली धरलेलीसुद्धा नाही.

टायपिस्ट : असं कसं? खाली निष्कर्ष होता की. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ त्याखाली तुमची सही!

डॉक्टर : सही टेम्प्लेटमध्येच, त्या कोऱ्या नमुन्यातच असते. तूच चिकटवलीस, माझ्यामागे कागद घेऊन धावायला नको म्हणून. पण निष्कर्षाची जागा कोरी असते. मी सांगितल्याशिवाय तिथे काही लिहायचं नाही.

टायपिस्ट : मी लिहिलंच नाही. नाव घातलं, वय घातलं. बाकीचं आधीच होतं. मला वाटलं, तुम्ही टाइप करून ठेवलंत.

डॉक्टर : मी? तुझ्या त्या फुकटातल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मला साधं पान उघडता येत नाही. उघड. नवा रिपोर्ट काढ. नाव घालू नकोस.

टायपिस्ट : हा घ्या… अगं बाई!

डॉक्टर : वाच.

टायपिस्ट : ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ मॅडम, कोऱ्या रिपोर्टवर!

डॉक्टर : काल काय केलंस यात?

टायपिस्ट : आपला फोन नंबर बदलला ना, तो टेम्प्लेटमध्ये घालायचा होता. समोर तुम्ही कालच तपासलेल्या त्या पेशंट मास्तरांचा रिपोर्ट उघडा होता, त्यात नवा नंबर घातलेलाच होता. म्हटलं, यातलंच नाव-वय पुसू आणि हाच टेम्प्लेट म्हणून सेव्ह करू. नाव पुसलं, वय पुसलं…

डॉक्टर : आणि निष्कर्ष राहिला.

टायपिस्ट : चांगली बातमी होती हो. डोळ्यांना खुपलीच नाही.

डॉक्टर : आणखी कुणाला दिलास?

टायपिस्ट : कुणाला नाही. तेवढा एकच. मॅडम, तसंच निघेल ना? मास्तरांसारखंच? बघा ना, आत्ता बघा!

(डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकतात. काच सरकवून पुन्हा पुन्हा बघतात.)

टायपिस्ट : काहीतरी बोला.

डॉक्टर : फोन लाव तिला.

टायपिस्ट : मॅडम…

डॉक्टर : लाव. मी बोलते.

टायपिस्ट : नको. दिला मी, सांगतेही मीच. …हॅलो, मावशी?

मावशी : बोल गं, माझे राणी! तुझा तो कागद घरभर फिरतोय. शेजारीण म्हणते, चौकट करून भिंतीवर लावा. दवाखान्यासाठी बॅग भरून ठेवली होती ना मी? मघाशीच कपडे कपाटात गेले!

टायपिस्ट : मावशी, ऐक. तो रिपोर्ट खरा नव्हता. नाव तुझं होतं, खालचं वाक्य दुसऱ्याचं. माझी चूक झाली. मॅडमनी तुझी काच आत्ता पाहिली.

मावशी : म्हणजे बॅग परत भरायची?

टायपिस्ट : हो, मावशी.

मावशी : थांब, जरा बाहेर येऊन बोलते. इथे सगळे अजून हसतायत.