भानुदासच्या तीन बाटल्या

शनिवार, सकाळपासून ढगाळ, वारा नाही, असं माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर मी लिहून ठेवलंय. लॅबकडून मी वाळूजच्या एका कंपनीत गेलो होतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांच्या लघवीची नशेसाठी तपासणी होती. त्यांतल्या भानुदासनं आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. त्याच्या दोन सोबत्यांनी त्याला संडासातच गाठलं, हे मला नंतर कळलं.

"भानुदासभाऊ, आमच्या बाटल्यांत तुझीच भर. नोकरीचा सवाल हाय."

"लेका, मी काय टँकर हाय का?"

पण दिली भरून. मी नियमाप्रमाणे दाराबाहेर उभा होतो.

तिन्ही अहवालांत अफूचा अंश निघाला. भानुदास तेव्हा खोकल्याचं औषध घेत होता, त्यातलाच तो. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. कंपनीच्या साहेबांनी ती मान्य केली आणि दोघांना विचारलं, "तुमच्या चिठ्ठ्या?"

"साहेब, ती लघवी आमची नायच. भानुदासची हाय."

"खरं का रे?"

"व्हय साहेब. लई गयावया केली, म्हणून दिली."

पंधरा दिवसांनी त्या दोघांची पुन्हा तपासणी झाली. ती साफ आली आणि दोघं कामावर राहिले. भानुदासला लघवी दिल्याबद्दल, त्यानं कबूल केलं त्याच दिवशी काढून टाकलं होतं.