रफिकभाईंचं बिनचूक सॉफ्टवेअर

चहा येईस्तोवर अकोल्याच्या रफिकभाईंचं ऐका. डाळमिलच्या मशिनी बनवतात. मी त्याहिले डिझाइनचं सॉफ्टवेअर विकलं. घसा सुकेस्तोवर समजावलं, "आधी कंप्युटरवर मशीन काढा, चूक तिथंच दुरुस्त करा, मंगच लोखंड कापा."

वर्षानं लायसन वाढवून द्यायले गेलो, तं मशीन रंग देऊन तयार, अन् रफिकभाई टेप लावून तिची मापं घेऊन राहिले. त्यायची पोरगी ती मापं पाहून कंप्युटरवर चित्र काढे.

मी म्हटलं, "भाई, चित्र आधी काढा लागते ना! हे उलटं काहून?"

"मशीन समोर नसली, तं चित्र बरोबर हाय का नाही, कसं समजन?"

मी लायसनचे कागद परत बॅगेत ठेवायले लागलो.

"वाढवा लायसन," ते म्हणाले. "तुमचं सॉफ्टवेअर एक नंबर हाय. वर्ष झालं, एकबी चित्र चुकलं नाही."