रेचा की रेचक

“लहानी रोज सकाळी कोठीत रेचा करते म्हणे. मंग रुई जाते कुठी? मायेरी, अमरावतीले धाडते काय?” सासूबाई जाऊबाईंना विचारत होत्या, अन् मी दाराआड. नव्या नवरीवर चोरीचा आळ, तोही कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना!

वडिलांनी शिकवलेला प्राणायाम चुकू नये, म्हणून मी सगळ्यांआधी उठून कोठीत बसे. जाऊबाईंनी काय करतेस विचारल्यावर मी “रेचक” म्हणाले होते. घरात दिवसभर कापसातली सरकी काढायचे रेचे फिरत. त्यांना “रेचा” ऐकू आलं.

मी पुढं झाले. “आत्याबाई, रेचा नाही, रेचक! श्वास सोडते मी. त्यातून रुई नाही निघत, डोक्यातली सरकी तेवढी निघते. उद्यापासून तुमीबी बसा, मोप साचली हाये.”